न विकल्या जाणाऱ्या मालाची किंमत

मालतीअक्का गेली त्या दुपारी तिचे जुने मालक हार घेऊन आले. बंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या कारखान्याचे हिशेब तिने पहिल्या दिवसापासून सांभाळले होते. "फार प्रामाणिक बाई," माझा हात धरून ते म्हणाले. मी हात सोडवून घेतला... थोरल्या बहिणीच्या उशाशी मला तमाशा नको होता.

कारखान्यात पंपाचे सुटे भाग बनायचे. नव्वदीनंतर बाहेरचा माल आला, मागणी बदलली आणि जुन्या मापाचे भाग गोदामात पडून राहिले. दर मार्चअखेर शिल्लक मालाची किंमत अक्का ठरवायची. नियम तिने मलाही समजावला होता : बनवायला आलेला खर्च आणि विकून हाती येईल ती रक्कम, यांतली कमी असेल ती धरायची. एका वर्षी तिने ते भाग भंगाराच्या भावाने धरले. नफ्याच्या जागी तोटा दिसू लागला, आणि मालकांना तर बँकेकडून नवं कर्ज हवं होतं.

"अक्का, स्वल्प अड्जस्ट माडी," थोडं जमवून घ्या, असं ते कानडीत म्हणाले. "लोखंडच आहे, नासतंय का?"

"नासत नाही. पण घेणारा कुठंय?"

महिन्याभरात तिला घरी बसवलं. तिच्या जागी आलेल्या माणसाने तोच ढीग पुऱ्या खर्चाने मांडला, कर्ज मिळालं. पुढे व्हायचं तेच झालं. कर्ज फिटलं नाही, बँकेने दाराला कुलूप लावलं, कामगारांचे पगार बुडाले. मालकांचा कोरमंगल्यातला बंगला मात्र शाबूत राहिला.

कामगारांनी बोल लावला तो अक्कालाच. "तुम्हाला ठाऊक होतं, तर आम्हाला का नाही सांगितलंत?" बाजारात एकाने तिला सगळ्यांसमोर विचारलं. ती भाजी न घेताच घरी आली. नोकरी तिला परत मिळालीच नाही. कटकटी बाई, असं पीण्याभर नाव झालं होतं. कॉमर्सच्या मुलांच्या शिकवण्या घेत ती राहिली... शेवटच्या आजारपणात एकदाच म्हणाली, "त्यांना सांगायला हवं होतं का गं?" मी नाही म्हटलं. तिला ते पटलं नाही.

आमच्या स्वयंपाकघरात तिची एक शिस्त होती. नवा तांदूळ आणला की डब्यातला जुना आधी परातीत काढायचा, नवा तळाशी, जुना वर. परवा मी घाईत नवा वरच ओतला. मग सगळा डबा पुन्हा रिकामा केला. तेव्हा रडू येईल असं वाटलं होतं. आला तो रागच.