मांडीवरची रेघ

"पाय मांडीतून कापायचा." एवढंच डॉक्टर म्हणाला. पायरीवर उभा राहून.

माय खाली होती, दवाखान्याच्या अंगणात, मातीत. आम्ही महारपुऱ्यातले. आम्हाला त्या पायऱ्या चढू देत नसत. कायद्यानं चढता येत होत्या. पण कायदा दिल्लीत होता आणि पायरीवर कंपाउंडर होता.

कंपाउंडरनं मायला लुगडं वर घ्यायला लावलं. उघड्या अंगणात. आजूबाजूचे पुरुष बघत होते. मग त्यानं बांबूच्या कमचीला कापूस गुंडाळला, जांभळ्या औषधात बुडवला आणि लांब उभा राहून कमचीच्या टोकानं तिच्या मांडीवर आडवी रेघ ओढली. आमच्या जंगलात तोडायच्या सागावर असाच डांबराचा पट्टा मारतात. पट्टा पडला की झाड उभं असलं तरी गेलेलंच असतं.

कुरखेड्याच्या पलीकडे आमचं गाव. तेंदूपत्ता तोडताना बांबूचा कापलेला खुंट मायच्या तळपायात शिरला. हळद भरली, बिब्बा लावला. बोटं काळी पडली. ताप भरला. मग मामानं बैलगाडी जुंपली आणि आम्ही दोघांनी तिला या दवाखान्यात आणलं. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. कोणतंही घाला. असे डॉक्टर तेव्हा हवे तेवढे होते.

मी विचारलं, "साहेब, काळं तं घोट्याखाली आहे. मांडीतून काऊन?"

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं नाही. मामाला विचारलं, "ही कोण?"

"भाची आहे जी. लिहाले-वाचाले येते तिले."

"म्हणूनच तोंड चालतंय." मग म्हणाला, "तुमच्या बायकांना मांडी काय नि घोटा काय. बसून भीकच मागायची आहे ना?"

मामानं हात जोडले. त्या वाक्यावर हात जोडले. डॉक्टरचं बोलणं लागलं त्याहून मला ते जोडलेले हात जास्त लागले.

मी म्हटलं, "आमी दुसऱ्या डॉक्टरले दाखवू."

तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. हसला. "दुसरा डॉक्टर? तुझ्या बापानं पहिला तरी पाहिला होता का?"

अंगण हसलं. कंपाउंडर हसला. भीतीनं मामाही हसला.

माझा बाप तापानं गेला होता. डॉक्टर न पाहता. म्हणजे तो खोटं बोलत नव्हता. आमच्या मरणाचा त्यानं विनोद केला होता आणि विनोद खरा होता.

मी मोहल्ल्यात पत्रकं वाचून दाखवायची. नागपुराहून कोणी ना कोणी आणायचं. संध्याकाळी बाया-माणसं जमायची आणि मी मोठ्यानं वाचायची. हक्क. माणुसकी. गुलामी. हे शब्द मला तोंडपाठ होते. त्या अंगणात त्यातला एकही शब्द तोंडातून निघेना.

बोलली ती माय. इतका वेळ डोळे मिटून पडली होती. हळूच म्हणाली, "बकरं घेताना बी मानूस दाबून पाह्यते, पोरी. यानं मले हात तरी लावला का?"

नव्हता लावला. डॉक्टरनंही नाही, कंपाउंडरनंही नाही. कमची लावली होती. एक बाई आयुष्यभरासाठी अर्धी होणार होती आणि ते ठरलं होतं पायरीवरून, नजरेनं.

तेव्हा सगळी पत्रकं मला एकदम कळली. हा माणूस आम्हाला शिवायला तयार नाही. कापायला तयार आहे.

"साहेब, हात लावून पाहा," मी म्हटलं. "मंग सांगा."

त्याचं तोंड लाल झालं. म्हणाला, घेऊन जा. पण नेलीस तर पुन्हा या अंगणात आणू नकोस, आणि वाटेत मेली तर माझ्या नावानं रडू नका.

आम्ही मायला उचलून गाडीत घातलं.

लिहिताना शूर वाटतं. गाडीत वाटत नव्हतं. वैनगंगेचं पात्र आटलं होतं, चाकं रेतीत रुतत होती, रेतीतून आग निघत होती. माय तापात बडबडत होती. मामा बैलांना शिव्या देत होता आणि मधूनच मला. "पत्रकं वाचून वाचून मायले मारून टाकजो तू." ती मेली असती तर सगळ्या गावानं हेच म्हटलं असतं. कदाचित मीही.

नदीपलीकडे ब्रह्मपुरीत एक म्हातारा डॉक्टर होता. लष्करातून आलेला. लोक म्हणायचे, दारू पितो, ओरडतो, पण लढाईत त्यानं पुष्कळ हातपाय कापलेत. आम्हाला बघून ओरडलाच. "इतने दिन सो रहे थे क्या?" पण ओरडता ओरडता त्यानं मायला आत घेतलं आणि टेबलावर झोपवलं. चिंधी स्वतः सोडली. वास घेतला. बोटानं दाबत दाबत वर आला. घोटा, पोटरी. मग गुडघ्याच्या मागे दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटून गप्प उभा राहिला.

मायनं तोंड भिंतीकडे फिरवलं. तिच्या खांद्यावरून कळलं की ती रडत होती. वरच्या जातीच्या माणसानं तिला आजवर कधी हात लावला असेल तर तो मारायलाच.

डॉक्टरनं डोळे उघडले. मांडीवरची जांभळी रेघ त्याला दिसली. "ये किसने खींची?" मी सांगितलं. कमचीचंही सांगितलं. त्यानं लष्करातली शिवी दिली, ती इथे लिहीत नाही.

मग त्यानं माझा हात धरून मायच्या गुडघ्यामागे नेला. "देख. चल रही है ना?"

चालत होती. बारीक, पण चालत होती. नाडी. माझ्या बोटाखाली मायचं रक्त ठोके देत होतं.

"यहाँ तक जिंदा है. पैर जाएगा. घुटना बचेगा."

मामा मला बाहेर घेऊन आला आणि चिडला. "म्हंजे हा बी कापाचंच म्हनते. मंग एवढी वनवन कायले केली?"

आतून माय म्हणाली, "तू बस ना एक दिवस बिनगुडघ्यानं चुलीजोळ. मंग सांग मले."

पाय गेला. गुडघा राहिला. गावच्या सुतारानं शिवणीच्या झाडाच्या लाकडाचा हलका पाय करून दिला आणि माय चालते. चुलीजवळ बसते, उठते, तेंदूपत्त्याचे पुडे बांधते. भीक मागत नाही.

काही शहाणे मला सांगतात, म्हाताऱ्या डॉक्टरचे उपकार मान. मी मानत नाही. त्यानं त्याचं काम केलं. पेशंटला हात लावणं हे डॉक्टरचं काम आहे, आमच्यावरची दया नाही. उपकार म्हटला की उद्या तो नाकारताही येतो.

रेघ बरेच दिवस राहिली. माय दगडानं घासायची. आता दिसत नाही. पण ती कुठे होती ते मला नेमकं ठाऊक आहे. गुडघ्याच्या वर. जिवंत मांसावर.

मोहल्ल्यातलं कोणी दवाखान्यात निघालं की आता मी सोबत जाते. अंगणात बसत नाही, पायऱ्या चढते. कंपाउंडर आडवा येतो. येऊ दे. मी आत जाऊन टेबलासमोर उभी राहते आणि बोलते, आणि ते शब्द आता तोंडातून निघतात. आधी हात लाव. मग सांग. आणि तू सांगितल्यावरही आम्ही दुसऱ्याला विचारू, तिसऱ्याला विचारू. ज्याचा हात आम्हाला लागत नाही, त्याची सुरी आमच्या अंगाला लागू देणार नाही.