पडद्यावरचे हात

आयशाच्या घरी 'परिषद' हा शब्द पहिल्यांदा आला तो मोबाइलमधून. चंद्रपूरच्या एका हॉटेलात छोट्या धंदेवाल्यांसाठी सोशल मीडियाची दिवसभराची परिषद होती. प्रवेश फुकट, दुपारचं जेवण फुकट. आयशा तेव्हा बी.कॉम. होऊन आलापल्लीला घरी बसलेली. सागाचे लाट, म्हणजे अख्खे ओंडके, आणि लाकडाचे डेपो असलेल्या त्या गावात बी.कॉम. झालेल्या मुलीला काम द्यायला कोण बसलं होतं? तिनं आईला मेसेज वाचून दाखवला.

"जेवणही फुकट देऊन राह्यले म्हणजे काही तरी विकत असतीन," हाजराबी भाजी निवडता निवडता म्हणाली.

"जाऊ दे ना तिले," पडवीतून तिचे अब्बू, इनायतभाऊ, बोलले. "शिकून येईन काही."

इनायत शेख सुतार. दारं, चौकटी, पलंग, सगळंच करत, पण आलापल्ली-अहेरीकडे त्यांचं नाव होतं ते बैलांसाठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं चाकांवरचे लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि लोक त्यांच्या हातावर बोजारा म्हणून चिल्लर ठेवतात. इनायतभाऊंचा बैल सागाच्या एकाच तुकड्यातून निघायचा. मान किंचित वळलेली, जणू कुणी मागून हाक मारली आहे. आधी त्यांचे वडील करायचे, मग ते. घराघरात बापाचा बैल पोराकडे गेलेला होता, आणि दुसरं पोर झालं की लोक पडवीत येऊन सांगून जायचे, "भाऊ, यंदा आणखी एक लागते."

चंद्रपूरला आयशा एसटीनं गेली. हॉटेलात इतकी थंडी होती की तिनं ओढणी दोन्ही खांद्यांवर गुंडाळून घेतली. खुर्च्यांना पांढरे कपडे आणि मागे फुलासारख्या गाठी बांधलेल्या. गळ्यात अडकवायला पट्टा मिळाला, त्यावर तिचं नाव 'आशा' लिहिलेलं. तिनं ते दुरुस्त करायला सांगितलं नाही. स्टेजवरचे लोक एकामागून एक येत होते आणि एकच गोष्ट सांगत होते: तुमच्याकडे जे आहे ते दाखवा, जग बघायला बसलं आहे. आयशाला ते इतकं सरळ, इतकं खरं वाटलं, की परतीच्या वाटेवर गोंडपिपरीच्या पुढं जंगल सुरू झालं आणि मोबाइलची रेंज गेली, तरी ती कोऱ्या पडद्याकडे बघत मनात व्हिडिओच जुळवत होती.

दुसऱ्याच दिवशी तिनं अब्बूंचा व्हिडिओ काढला. चेहरा नको म्हणाले ते, लाजले. मग नुसते हात घेतले. पटाशीच्या टोकानं बैलाचा डोळा कोरताना. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं, कधी तरुणपणी करवतीखाली सापडलं होतं, ते तसंच वाढलेलं. डोळा पूर्ण झाला की इनायतभाऊंनी सवयीनं त्यावर फुंकर मारली, भुसा उडाला, आणि बैल बघू लागला. एवढाच व्हिडिओ.

तो पसरला. कुठून कुठं गेला ते आयशाला कळलंही नाही. पुण्याहून, सुरतेहून, परदेशातल्या कुणाकुणाकडून मागण्या येऊ लागल्या. घरात काही दिवस सण असल्यासारखं होतं. हाजराबीनं शेजारच्या बायांना बोलावून व्हिडिओ दाखवला.

पण बैल काही व्हिडिओसारखा पसरत नाही. एक एक करूनच होतो.

"मी माणूस आहो बेटी, मशीन नाई," इनायतभाऊ एकदा म्हणाले. तरी बसायचे. पोळा जवळ आला तसे गावातले लोक पडवीत येऊ लागले, आणि आयशाच त्यांना सांगायची, "काका, यंदा थोडं थांबा, बाहेरचा माल पाठवायचा आहे." काही थांबले. काहींनी बाजारातून प्लास्टिकचा बैल नेला. एका पोराला तसा बैल घेऊन जाताना इनायतभाऊंनी पाहिलं. त्यांचा रंधा थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

बाहेर पाठवलेल्यांतले कितीतरी बैल वाटेत शिंगं मोडून पोचले. लोक तिच्या सोशल मीडियाच्या पानावर मोडक्या बैलांचे फोटो टाकू लागले. फसवणूक, असंही कुणीकुणी लिहिलं. आयशाला वाटलं, आपलंच काही तरी चुकतं आहे, आपल्याला अजून नीट येत नाही, शिकायला पाहिजे.

म्हणून हिवाळ्यात ती नागपूरच्या परिषदेला गेली. ही मोठी होती. लोक एकमेकांना विचारत होते, तुम्ही कुठल्या एजन्सीचे. ती म्हणायची, "आमचं बैलांचं काम आहे," आणि समोरचा माणूस हसून दुसरीकडे बघायचा. जेवताना ती ताट घेऊन भिंतीशी उभी राहिली. त्या दिवशी तिच्याशी सरळ बोलला तो एकच माणूस, निकेश. स्टेजवर तो इंग्रजी-मराठी असं चकचकीत बोलत होता, पण खाली आल्यावर तिचं गाव ऐकून त्याची भाषाच बदलली.

"अरे, आलापल्ली? मी वरोऱ्याचा आहो. माहा मामा तुमच्याच भागात जंगल खात्यात होता."

आयशाला एवढ्या गर्दीत घरचं कुणी भेटल्यासारखं झालं. तिनं व्हिडिओ दाखवला. निकेशनं तो दोनदा पाहिला, आणि त्याचे डोळे खरंच भरून आले. ते सोंग नव्हतं, हे आयशा नंतरही, सगळं झाल्यावरही, मान्य करायची.

"हा मले मूळ क्वालिटीत पाठव," तो म्हणाला. "एका खेळण्यांच्या कंपनीचं काम करून राह्यलो. त्यायच्यासंग तुमचं जुळवून देतो."

तिनं तिथंच, उभ्या उभ्या, पाठवला. खाली लिहिलं, 'जरूर वापरा सर'.

जुळवणं काही झालं नाही. निकेशचे मेसेज आधी उशिरा येऊ लागले, मग येईनासे झाले. उन्हाळा गेला. पुन्हा पोळा जवळ आला. यंदा इनायतभाऊंनी आधीच सांगून टाकलं होतं, पहिले गावाचे बैल, मग बाकीचे. बैल तयार करून त्यांनी पडवीत ओळीनं मांडले. घेणारे येईनात.

चौथ्या-पाचव्या दिवशी अहेरीचे नथ्थूभाऊ आले. धानाची शेती असलेला साधा माणूस. इनायतभाऊंच्या वडिलांच्या हातचा बैल त्यांच्या घरात होता. दरवर्षी कुणा ना कुणा नातवासाठी यायचे, चहा घेतल्याशिवाय जायचे नाहीत. यंदा ते पायरी चढले नाहीत. खालूनच त्यांनी मोबाइल पुढं केला.

"इनायतभाऊ, हे तुमचेच हात होय ना?"

पडद्यावर बैलाचा डोळा कोरला जात होता. दुभंगलेलं नख, फुंकर, उडणारा भुसा. खाली कुठल्या तरी कंपनीचं नाव, आणि पुढच्याच क्षणाला साच्यातून काढलेल्या गुळगुळीत बैलांची रांग, निम्म्याहून कमी भावात.

"हात माहेच होय," इनायतभाऊ म्हणाले. "पण बैल..."

"मग तिकडच्या लोकायले स्वस्तात देता, अन् आमच्याकडून जास्त घेत होते? इतके वर्ष?"

"नाई नथ्थूभाऊ, आमचा काही संबंध नाई त्या..."

"नख दिसून राह्यलं ना भाऊ." नथ्थूभाऊंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मी काय आंधळा आहो? गेल्या साली आमाले थांबा म्हनलं तेव्हाच समजाले पाहिजे होतं."

आयशा धावत बाहेर आली. व्हिडिओ, नागपूर, निकेश, साचा, सगळं एका दमात सांगू लागली. नथ्थूभाऊंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तूच देल्ला ना, बाई?" दिला होता खरा. ते निघून गेले.

बोलणं गावात आधीच पसरलं होतं, फक्त तोंडावर कुणी बोललं नव्हतं. इनायतभाऊंनी पडवीतले बैल एकेक करून आत नेऊन ठेवले. हाजराबी मुलीवर ओरडली, मग स्वतःच रडली. बापानं मात्र तेव्हाही आयशाला बोल लावला नाही. त्यानं लावला असता तर बरं झालं असतं, असं तिला पुढं कितीदा वाटलं.

नागपुरात पुन्हा परिषद भरली तेव्हा आयशा गेली ती काही शिकायला नव्हे. निकेशला समोर गाठायचं आणि व्हिडिओ काढून घ्यायला लावायचं, एवढंच मनात होतं. फोन तो उचलत नव्हता, पण कार्यक्रमपत्रिकेत त्याचं नाव होतं.

निकेशच्या भाषणाला हॉल भरलेला. दिवे मंद झाले आणि भिंतीएवढ्या पडद्यावर तिच्या बापाचे हात आले. एवढे मोठे तिनं ते कधी पाहिले नव्हते. अंगठा तिच्या उंचीचा होता.

"हे हात बघा," निकेश म्हणाला. "यांना चेहरा नाही. म्हणून ते प्रत्येकाला आपल्या आजोबांचे हात वाटतात. ब्रँड म्हणजे हेच."

प्रश्नांची वेळ आली तशी आयशा उठली. माइक हातात आला. बसमध्ये सगळ्या वाटेनं तिनं वाक्यं घोकली होती, शुद्ध भाषेत. त्यातलं एकही आठवेना.

"सर, हे हात माह्या अब्बूचे होय," ती म्हणाली. "इनायत शेख, आलापल्ली. ह्या कंपनीचे बैल आमचे नाई. आमच्या गावात लोक आता अब्बूले..."

तिचा आवाज फाटला, आणि तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. आधी पुढच्या रांगेतून, मग सगळीकडून. लोक उभे राहिले. तिला वाटलं, संपतील, मग आपण उरलेलं सांगू. त्या संपेनात. निकेश स्टेजवरून उतरून आला, तिचा हात धरून वर घेऊन गेला आणि म्हणाला, "ही बघा, खरी गोष्ट स्वतः चालत आली!" कुणी तरी तिच्या हातात फुलांचा गुच्छ दिला. फोटो निघाले. खाली उतरल्यावर एका बाईनं तिला मिठी मारली. माइक कुठं गेला ते तिला दिसलंच नाही.

बाहेरच्या बोळात तिनं निकेशला सगळं सांगितलं. "मले आधी सांगाचं ना," म्हणाला, आणि तिच्यासमोर कंपनीला फोन लावला. थोड्या वेळात व्हिडिओ त्यांच्या पानावरून निघाला. त्यानं तो निघालेला दाखवलाही. आयशानं श्वास सोडला. मग त्यानं स्वतःहूनच आणखी शोधून पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. हात आता टाइलच्या जाहिरातीत होते, कुठल्या क्लासच्या जाहिरातीत होते, कुणी मागे गाणं टाकलं होतं, कुणी 'आमच्या आजोबांचे कष्ट' असं लिहून आपलंच नाव लावलं होतं.

"हे आता कोणालेच थांबवता येत नाई, आयशा," तो म्हणाला. "मलेही नाई."

ती घरी पोचायच्या आधी तिचा स्टेजवरचा व्हिडिओ आलापल्लीला पोचला होता. परिषदवाल्यांनीच टाकला होता. तिचं बोलणं पहिल्या वाक्यावर तोडलेलं, पुढं टाळ्या, गुच्छ, निकेशचं हसू. गावाला आणखी काय पाहिजे होतं? कंपनीनं पोरीचा सत्कार केला, लोक म्हणाले. नथ्थूभाऊंच्या मुलानं तो ग्रुपवर टाकला, खाली काही न लिहिता.

आयशा घरोघर जाऊन सांगून आली. लोकांनी पाणी दिलं, चहा दिला. "हो ना," "असं झालं का," म्हणाले. एकानंही भांडण केलं नाही. भांडले असते तर तिला काही तरी पटवून देता आलं असतं.

पुढच्या वर्षी इनायतभाऊंनी बैल केले नाहीत. पलंगाचं, चौकटीचं कामही कमी होत गेलं, कारण ज्याच्याकडे बैलासाठी जायचं नाही त्याच्याकडे दारासाठी तरी कुणी का जावं? आयशानं आपलं पान बंद केलं. परिषदवाल्यांचा निरोप आला होता, आदिवासी आणि ग्रामीण भागातल्या मुलींच्या चर्चेत बोलशील का म्हणून. तिनं वाचून तसाच ठेवला. आता ती बाजारातल्या एका दुकानात झेरॉक्स काढते, ऑनलाइन अर्ज भरून देते.

इनायतभाऊ आरा मशीनवर लाकूड कापायला जातात. मोठाले लाट पात्याखाली सरकवायचे, दिवसभर. तिथं कोरायचं काही नसतं, नुसतं धरून ठेवायचं असतं. मशीनच्या आवाजानं त्यांचे कान जाऊ लागले आहेत. डॉक्टरला दाखवा म्हटलं की हात हलवतात.

परवा ते संध्याकाळी घरी आले, हातपाय धुऊन जेवायला बसले. आयशा वाढत होती. कितीतरी महिने तिच्या तोंडाशी येऊन परत जाणारं वाक्य त्या दिवशी तिनं एकदाचं बोलून टाकलं.

"अब्बू, माही चूक झाली."

"काय?" त्यांनी मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहिलं. "काय म्हनली?"

आयशानं तोंड उघडलं. आई चुलीपाशी थांबून ऐकत होती.

"काही नाई," ती मोठ्यानं म्हणाली. "भात देऊ का अजून?"