औषधाच्या पेटीला कुलूप

मुळशीला धरण बांधत होते त्या वर्षांत मी रिह्याला मिशनच्या शाळेवर मास्तर होतो. रविवारी उपदेशही मीच करायचो. ख्रिस्ती घरं सगळी मिळून सात, पण माझा तोरा सत्तर घरांचा होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

माझ्या आधीचे म्हातारे मास्तर मिशनने दिलेली औषधाची पेटी उघडीच ठेवत. कुणी आजारी पडलं की ती स्वतः डोक्यावर घेऊन निघत, मग घर कुणाचंही असो. लोकांना वाचता येत नसे म्हणून त्यांनी बाटल्यांना रंगीत दोरे बांधले होते. लाल दोरा पटकीचा, हे बायाबापड्यांनाही ठाऊक होतं. मला हा सगळा गबाळा कारभार वाटे. मी पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली कोटाच्या खिशात ठेवली. औषध हवं त्याने माझ्याकडे येऊन मागायचं, आणि नुसतं 'मास्तर' नव्हे, 'मास्तरसाहेब' म्हणायचं. महिन्याभरात लोक शिकले. म्हातारे एकदाच म्हणाले, "किल्ली हितं खुंटीला ऱ्हाऊ द्या की." मी ऐकलं नाही. त्या हिवाळ्यात ते वारले.

उन्हाळ्यात मिशनचे गोरे साहेब पौडला मुक्कामाला आले. पाळकाची, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूची, जागा रिकामी होती आणि तीन वर्षं माझा तिच्यावर डोळा होता. वरच्या वाडीत एकाला पटकी झाल्याचं निघायच्या आदल्या दिवशीच समजलं होतं, पण मी तिकडे काणाडोळा केला. शुक्रवारी बूट चकचकीत करून पौड गाठलं. साहेबांनी रविवारपर्यंत ठेवून घेतलं. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, यावर मी त्याच बुटांत उभा राहून उपदेश केला. साहेब खूश झाले.

सोमवारी दुपारी परतलो तर शाळा झाडणारा आमच्याच मंडळीतला गडी ओसरीवर बसलेला. त्याची मुलगी माझ्याकडे दुसरीत होती.

"शनवारी सकाळी पटकी लागली तिला," तो म्हणाला. "दुपारच्याला डोळं खोल गेलं. काल पुरली."

मी आत गेलो. पेटीचं कुलूप जसंच्या तसं होतं, आणि पेटीशेजारी कुऱ्हाड पडलेली.

"तोडलं का नाहीस?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"तिची आय आली व्हती कुऱ्हाड घिऊन. म्याच आडवा झालो. म्हनलं, मास्तरसाहेबांच्या वस्तूला हात लावाय आपन कोन? तुमीच शिकिवलंय न्हवं आमास्नी."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आपण बरोबर वागलो ना, एवढंच तो विचारत होता. मी त्याला घरी जा म्हणालो.

औषधाने पोर वाचली असती का, देव जाणे. पटकीत ते प्रत्येकाला लागू पडत नसे. या विचारावर मी पुढे बरीच वर्षं काढली, त्याची मला लाज वाटते.

आठ दिवसांनी पाळकपदाचं पत्र आलं. मी ते नाकारलं नाही. माझ्या हातून प्रभुभोजनाच्या द्राक्षारसाचा पहिला पेला त्या बापानेच घेतला, मान खाली घालून, दोन्ही हातांनी. त्याच्या बायकोने मात्र मरेपर्यंत माझ्या हातचं काही घेतलं नाही.