वरच्या वाडीची साखर

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. निवृत्त होऊनही आता दोन वर्षं झाली, विचारणारं कुणी उरलं नाही — तरी जीभ उचलत नाही.

मालवण तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी नर्स होते. गाव आतलं, भाताचं आणि काजूचं. एका पावसाळ्याच्या शेवटी साखरेची तपासणी निघाली — तिशीपुढचं प्रत्येक माणूस, घरोघरी जाऊन. बोट टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा, यंत्रावरचा आकडा लिहायचा. यात अवघड काय होतं? काहीच नाही.

पट्ट्यांच्या डबीचं झाकण मी उघडं टाकलं. एवढंच. दमट हवेनं सगळ्या पट्ट्या बाद झाल्या. वरची वाडी तेवढी राहिली होती. नव्या पट्ट्या मागायच्या, तर तालुक्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली असती. ती मला नको होती.

म्हणून मी — गेले. हो, चढून गेले. घरी बसून आकडे लिहिले असते तर कमी वाईट झालं असतं का? मी बोटं टोचली. खरं रक्त काढलं, कापसानं पुसलं, बंद यंत्राकडे बघितलं आणि मनातला आकडा सांगितला.

वाडीतल्या सुशीलाकाकीनं विचारलं, “कितकी आसा गो बाय?”

“एकशे दोन. बरी आसा.”

“मगे ही तहान कित्याक लागता इतकी?”

“उन्हात भात कापतंस ना, म्हणान.”

तिला पटलं. मी सांगितलं ना — पटणारच.

पुढच्या वर्षाचं नियोजन याच आकड्यांवर झालं. शिबिर कुठे, गोळ्या कुणाला किती. वरच्या वाडीत एकही रुग्ण नाही, असं म्हणून तालुक्याच्या साहेबांनी आमचं शिबिर दुसऱ्या गावाला दिलं. मी समोरच बसले होते. तेव्हा तरी बोलता आलं असतं — नाही? मी चहा प्यायले आणि सही केली.

त्यानंतर दोनेक वर्षांनी काकीच्या पायात काटा गेला. आपल्याला साखर नाही, म्हणून ती निर्धास्त. हळद लावून कामाला जायची. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेईपर्यंत पाऊल काळं पडलं होतं. साखर खूप वाढलेली निघाली. गुडघ्याखाली पाय कापला.

भेटायला गेले, तर तीच माझी समजूत घालायला लागली. “तू कित्याक रडतंस गो? तू बघितलंस तेवा बरीच होती. मागसून वाढली.”

मी म्हटलं, “होय. मागसूनच वाढली आसतली.”

काकी आहे अजून. कुबड्या घेऊन अंगणात येते.

वरच्या वाडीत त्या दिवशी मी एकोणीस जणांची बोटं टोचली होती. बाकीच्या अठरा जणांचं काय झालं, ते मी कधी विचारलं नाही.