सरोजचा दसरा, एक दिवस उशिरा

"हात नको वं. डबा धर."

सरोज माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. कॉन्व्हेंटच्या जिन्यात.

पोलिओमुळे तिच्या डाव्या पायाला कॅलिपर होता. सिस्टरनी मला सांगितलं होतं, हिचा हात धरून वर ने.

तिने डबा माझ्याकडे दिला, कठडा धरला आणि वर गेली. मागून मी, दोन डबे घेऊन.

काल सकाळी सरोज गेली.

तुमच्यापैकी बरेच जण तिला गाडीमुळे ओळखतात. तीनचाकी मोटरसायकल. पुढे मूळचं मोठं चाक, मागे ऑटोरिक्षाची दोन बुटकी चाकं. त्यामुळे गाडीचं नाक कायम वर. आमच्या इतवारीतली पोरं म्हणायची, "आली मॅडमची तोफ."

त्या तोफेवर ती रोज कन्हानला शाळेत शिकवायला जायची.

मागची चाकं लहान, म्हणून इंजिन ओरडायचं फार आणि गाडी पळायची कमी. स्पीड ब्रेकरवर पोट घासायचं.

मी मागे बसून कुरकुरायचे, "अगं, मोठी चाकं घाल ना."

"काहून? तुह्या कमरेसाठी?"

एका दसऱ्याला तिच्या मोठ्या भावाने, सुभाषदादांनी, नेमकं तेच केलं. बहिणीला रोज धक्के बसतात म्हणून त्यांचा जीव तुटायचा. तिला न सांगता गाडी लकडगंजच्या गॅरेजमध्ये नेली आणि मागे मोटरसायकलची मोठी चाकं बसवून आणली.

झेंडूचा हार घातला. तिन्ही चाकांखाली लिंबं ठेवली.

गाडी एकदम सरळ, देखणी दिसत होती.

आणि सीट वीतभर उंच.

सरोजने सीटवर हात टेकवून अंग उचललं. जमलं नाही. परत उचललं. नाही जमलं.

दादांनी हसत तिला उचललं आणि वर बसवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लिंबं फुटली. ती गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आली.

आणि बसूनच राहिली.

उतरायलाही दादाच हवे होते, आणि ते आत पाहुण्यांना सोनं देत होते.

मी जवळ गेले. ती हळूच म्हणाली, "शाळेत मले कोण उतरवन वं? हेडमास्तर?"

मी हसले. ती हसली नाही.

दादा बाहेर आले तेव्हा तिने त्यांचा हात धरला. "दादा, चाकं लय सुंदर आहेत. पण यायच्यावर मी तुह्याशिवाय कुठंच जाऊ शकत नाही."

"मंग आधी काहून नाही सांगितलं?"

"तू विचारलं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच दादा स्वतः गाडी घेऊन गेले आणि बुटकी चाकं परत लावून आणली.

सरोजने नवी लिंबं ठेवली. एकटी चढली. गाडी सुरू केली.

समोरचे काका म्हणाले, "मॅडम, दसरा तर काल झाला."

"तुमचा झाला, काका. माझा आज आहे."

त्यानंतर दरवर्षी तिच्या गाडीची पूजा एक दिवस उशिराच झाली.

ती मोठी चाकं तिने कधी विकली नाहीत. व्हरांड्यात ठेवली. पूजेच्या दिवशी त्यांनाही एकेक झेंडू.

"दादाचा जीव आहे त्यायच्यात," म्हणायची.

हॉस्पिटलमध्ये तिने मला सगळं नीट सांगून ठेवलं होतं. घरच्यांनी फोनवर रडत विचारण्यापेक्षा या पोस्टमध्येच वाचावं.

मोठी चाकं दादांना. मी पुसून ठेवली आहेत.

पुस्तकं कन्हानच्या शाळेला.

कांजीवरम वहिनींना. नेसायची आहे, कपाटात ठेवायची नाही.

गाडी अश्विनीला. तिची शाळेतली विद्यार्थिनी, आता कॉलेजात आहे, कुबडी घेऊन चालते. सरोजचा निरोप असा: "तिची उंची वेगळी, पाय वेगळा. चाकं कोणती लावायची ते तिलेच चढून पाहू द्या."

दादा, वाचताय ना? अश्विनीला कोणी उचलून बसवायचं नाही.

सरोज, बाई, सुखाने जा. तुझ्या मागे चालण्यात माझं आयुष्य छान गेलं.

अश्विनी, तू तुझ्या सवडीने ये. लिंबं मी आणून ठेवते.

हात देणार नाही.

डबा धरीन.