दोनच जणांची गाडी

आमच्या घरात माणसं पाच होती आणि आत्याने घेतलेल्या गाडीत बसत होती दोन. घरातली सगळी भांडणं या एका हिशेबातून निघायची.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आजोबा अचानक गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि बाबा शाळेत. ती पुलांच्या खात्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये नोकरीला लागली. इंजिनिअर लोक पेन्सिलीने जे काढून द्यायचे ते शाईने ट्रेसिंग कागदावर उतरवायचं, हे तिचं काम. बत्तीस वर्षं तिने तेच केलं. ऑफिसात तिला सगळे 'मोजपट्टी' म्हणत, अगदी तिच्या तोंडावर, आणि ती 'ओ' द्यायची. ती काकडी चिरायची तरी सगळ्या चकत्या एका जाडीच्या. बाबांचं शिक्षण तिनेच केलं, त्यांचं लग्न तिनेच जमवलं. आमच्या दप्तराचा बंद तुटला की तो शिवायलाही आम्ही आईकडे न जाता तिच्याकडेच जायचो, कारण आईने शिवलेला पुन्हा तुटायचा. लग्नाचं तिचं राहूनच गेलं. 'राहून गेलं' हा शब्द घरात सगळे वापरत. ती स्वतः कधी वापरत नसे.

ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा ती एक्कावन्न वर्षांची होती. लवकर निवृत्ती घेणाऱ्यांना एकरकमी पैसे मिळणार होते. तिने अर्ज दिला आणि त्या रकमेबद्दल घरातल्या प्रत्येकाने मनातल्या मनात बेत केले. आईला स्वयंपाकघराची भिंत मागे सरकवायची होती. बाबा विमा कंपनीत होते, त्यांच्याकडे तर योजनांची पत्रकं तयारच होती. आत्याला काय हवंय, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

एका रविवारी सकाळी खालून एक आवाज आला. कुणीतरी जाड्या माणसाने सावकाश घसा साफ करावा तसा. आम्ही गॅलरीत आलो. दारात गर्द हिरव्या रंगाची एक बुटकी, लांब नाकाची गाडी उभी होती, तिचं कापडी छप्पर मागे दुमडलेलं, आणि आत डोक्याला रुमाल बांधून आत्या बसलेली. फिरायला जाते असं सांगून ती तीन महिने गाडी शिकत होती. परदेशी निघालेल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तिने ती विकत घेतली होती. गाडी पंधरा वर्षांची होती, पण नवी असताना तिची किंमत आमच्या अख्ख्या इमारतीला ऐकवली असती तर लोक जिन्यात बसले असते.

बाबा चपला न घालताच खाली गेले. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "ताई, पाय पसरण्याआधी माणूस अंथरूण बघतो."

"बघितलं की," आत्या म्हणाली. "इतकी वर्षं नुसतं अंथरूणच बघत होते."

आईने नाकापेक्षा मोती जड वगैरे जे म्हणायचं ते चहा गाळता गाळता म्हणून घेतलं. बाबांचं एवढ्यावर भागलं नाही. त्यांनी संध्याकाळी एक कागद घेतला, मधोमध रेघ मारली. डावीकडे या गाडीचे तोटे, उजवीकडे साध्या चारचाकीचे फायदे. पाच जणांना जागा. सामानाला जागा. दुरुस्ती कोपऱ्यावर. सुटे भाग हाताशी. आत्याने तो कागद शांतपणे वाचला, फूटपट्टी मागवली आणि मधली वाकडी रेघ सरळ करून परत दिला.

मग मात्र तिने कारण सांगितलं. तिने नोकरीत पहिल्यांदा पूर्ण ट्रेस केलेला पूल उघडायचा होता, तेव्हा ती कुणी न बोलावताच बस पकडून बघायला गेली होती. बांधावर गर्दीत उभी होती. फीत कापली गेली आणि पहिली गाडी पुलावरून गेली ती अशीच, उघड्या छपराची, दोन माणसांची. ती मिनिटाभरात पलीकडे पोहोचली. त्या पुलाची एकेक रेघ आत्याच्या हातची होती, पण परतीची बस दुसऱ्या रस्त्याने जायची, त्यामुळे आत्या काही पलीकडे गेली नाही. तो धरून तिने एकूण एक्केचाळीस पूल कागदावर उतरवले. त्यातल्या एकावरही तिचं पाऊल पडलं नव्हतं.

"मग साधी गाडी घेऊन जा ना," बाबा म्हणाले. "पूल तोच राहील."

"पूल तोच राहील रे," आत्या म्हणाली, "पण मग मीही तीच राहीन."

यावर बाबा चिडले. मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही, असं त्यांनी त्याच दिवशी जाहीर केलं आणि पुढची सहा वर्षं ते पाळलं.

त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मात्र म्हणता येत नाही. गाडी ठेवायला जागा नव्हती. लाँड्रीच्या शेजारचा एक बंद गाळा आत्याने भाड्याने घेतला, त्यामुळे तिच्या कातडी सीटला कायम इस्त्रीच्या वाफेचा वास यायचा. एकदा आरशाची एक काच बदलायची होती, ती यायला चार महिने लागले. भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसावं लागे. आणि गाडी इतकी बुटकी, की गावातल्या निम्म्या स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासायचं.

तो प्रश्न आत्याने तिच्या पद्धतीने सोडवला. घडीची मोजपट्टी आणि वही घेऊन ती सकाळी सकाळी रस्त्यावर ओणवी बसायची आणि प्रत्येक स्पीडब्रेकरची उंची मोजायची. लोकांना वाटलं, पालिकेची बाई आली. दुकानदार येऊन गटारांच्या तक्रारी सांगू लागले. आत्याने त्यांचा गैरसमज दूर केला नाही, तक्रारी लिहून घेतल्या आणि व्यवस्थित टाइप करून पालिकेला पाठवल्या. दोन गटारं दुरुस्तही झाली. आणि ट्रेसिंग कागदावर काळ्या शाईने गावाचा एक नकाशा तयार झाला, ज्यात फक्त एवढंच होतं, की कुठून जाता येईल आणि कुठून नाही.

दर दोन-तीन महिन्यांनी एका रविवारी ती एकेका पुलावर जायची. सोबत घरातलं एकच माणूस, कारण जागाच एक. आमच्या घराला खोल्या तीन. कुणालाही कुणाशी एकट्याने बोलायचं तर जिन्यात जावं लागे. त्या गाडीत मात्र जाऊन येऊन चार-पाच तास आत्या बरोबरच्या माणसाची एकट्याची असायची. ताईने, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीने, तिचं कुणावर मन आहे हे पहिल्यांदा सांगितलं ते कुठल्या तरी कमानीच्या पुलावर. आई नको नको म्हणत एकदा गेली आणि वाऱ्याने सुटलेले केस तसेच घेऊन परत आली. काय बोलणं झालं ते दोघींनीही सांगितलं नाही. पण त्यानंतर आई गाडीबद्दल बोलताना 'वन्संचं खेळणं' म्हणायची बंद झाली.

माझा नंबर आला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. गणितात नापास झाले होते आणि निकालाचा कागद गादीखाली लपवला होता. आम्ही खूप लांब गेलो. शेवटी डांबर संपलं, आत्याने अगदी जपून मातीत गाडी घातली आणि नदीकाठी थांबवली. समोर रुंद, संथ पाणी आणि पलीकडे शेतं. पूल कुठेच नव्हता.

"हा बांधलाच नाही," आत्या म्हणाली. "अकरा महिने काढत होते मी. मग फाइल बंद झाली."

ती काठावर उभी राहिली आणि मला हवेत बोट करून दाखवू लागली. इथून सुरुवात. तिथे पहिला खांब, मग दुसरा, तो पाण्यात, त्याचा पाया सगळ्यात खोल. मग दोन खांबांमधला सगळ्यात मोठा गाळा, आणि तिथे त्या झाडापाशी उतार. दाखवता दाखवता तिचा हात इतका ठाम फिरत होता की मला खरंच काहीतरी दिसल्यासारखं झालं. मी तिथेच तिला गणिताचं सांगितलं.

ती रागावली नाही, समजूतही काढली नाही. एवढंच म्हणाली, "बाबांना जेवायच्या आधी सांगू नकोस. उपाशी असला की तो जास्त ओरडतो. आणि उद्यापासून संध्याकाळी माझ्याकडे वही घेऊन बस."

मी बसले. पुढच्या परीक्षेत पास झाले, जेमतेम. पण माझ्या लक्षात राहिलं ते गणित नाही. परत येताना छप्पर उघडं होतं, आत्याचा एक हात स्टिअरिंगवर, दुसरा गिअरवर, आणि ती हलकेच काहीतरी गुणगुणत होती. घरात मी तिला कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

सहाव्या वर्षी आई जिन्यावरून घसरली. मांडीचं हाड मोडलं. तिला वाकता येईना, बसता येईना. आडवंच न्यावं लागणार होतं. आत्या किल्ली घेऊन धावत खाली गेली आणि गाळ्याचं शटर अर्ध्यावर उचलून तशीच उभी राहिली. त्या गाडीत आईला ठेवणार कुठे? रुग्णवाहिका येईना. शेवटी लाँड्रीवाल्याने आपली कपड्यांची व्हॅन काढली. धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांवर आईला निजवलं आणि आत्या संपूर्ण रस्ता तिचा पाय दोन्ही हातांनी सरळ धरून बसली.

बाबा त्या दिवशी आत्याला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आठवड्याने आत्याने वर्तमानपत्रात गाडी विकण्याची जाहिरात द्यायला घेतली. मजकूर लिहून तिने आईला दवाखान्यात वाचून दाखवला. आई पाय टांगलेल्या अवस्थेत पडली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"वन्सं, पडले मी, आणि माझ्या धांदरटपणामुळे पडले," ती म्हणाली. "माझ्या पायाची शिक्षा गाडीला नको. तुम्ही ती विकलीत तर जन्मभर मला वाटत राहील की माझ्यामुळे विकली. तेवढं ओझं मला झेपायचं नाही."

बाबा खिडकीशी उभे होते. आई घरी आल्यावर, चालायला लागल्यावर, एका रविवारी त्यांनी सकाळी लवकर दाढी केली, बूट घातले आणि आत्याच्या खोलीच्या दारात उभं राहून विचारलं, "आज कुठला पूल आहे?"

त्या दिवशीचं मला बाबांनीच पुढे सांगितलं. गाडीत उतरताना त्यांना आधी पाय घालावा की डोकं हे कळेना, तर आत्या म्हणाली, बसायचं आधी आणि मग पाय गोळा करायचे. आत्याने मुद्दाम पहिला पूल त्यांच्यासाठी ठेवला होता, फीत कापली तो. सहा वर्षं तिने तो पार केला नव्हता. पुलाच्या अलीकडे तिने गाडी हळू केली आणि दोघं सावकाश पलीकडे गेले. तिथे बाबांनी थांबायला सांगितलं.

"ताई," ते म्हणाले, "मी लोकांना सांगत आलो की तुला रेघा मारायला आवडतं. तुला कधी विचारलं नाही."

आत्याने इंजिन बंद केलं. मग म्हणाली, "आवडायचं रे. खरंच आवडायचं. पण कुणी विचारलं असतं तर जास्त आवडलं असतं."

त्यानंतर ते कठड्यापाशी उभे राहिले आणि सोबत आणलेले उकडलेले शेंगदाणे खाल्ले. घरी आल्यावर बाबांनी आम्हाला एवढंच सांगितलं, की गाडीत पाठ मात्र फार छान टेकते.

एक्केचाळिसातले सदतीस पूल झाले. दोन कधी बांधलेच गेले नव्हते. त्यातल्या एकाची जागा मी पाहिलेली, दुसऱ्याच्या जागेपर्यंत रस्ताच नव्हता. आणखी एक पाडून तिथे नवा उभा राहिला होता, तो ती धरायला तयार नव्हती. उरलेला कुठला आणि तिने तो का सोडला, हे तिने कधी सांगितलं नाही.

नवव्या वर्षी तिचे गुडघे गेले. गाडीत बसणं जमायचं, उठणं जमत नसे. ती पलंगाशेजारी पाट ठेवून त्यावरून उठण्याचा सराव करायची. एका दुपारी ती गाडी घेऊन लाँड्रीसमोर पोहोचली आणि तिला उठताच येईना. मी एका हाताला, बाबा दुसऱ्या. अर्धी वर यायची आणि पुन्हा आत बसायची. तिसऱ्या वेळी ती हसायला लागली, मग बाबा, मग मी, आणि हसण्याने आमच्या हातांतला जोरच गेला. लाँड्रीवाल्याने येऊन बाहेर काढलं. उभी राहिल्यावर तिने पदर झटकला, गाडीच्या दारावर एकदा हात ठेवला आणि म्हणाली, "आता पुरे."

ज्या दिवशी नवा मालक गाडी न्यायला येणार होता, नेमकी त्याच दिवशीची वेळ तिने दातांच्या डॉक्टरांकडे घेतली. किल्ल्या बाबांनी दिल्या. तेच गल्लीच्या टोकापर्यंत गाडीमागे चालत गेले, आणि परत यायला त्यांना जरा वेळ लागला.

नंतर आमच्याकडे उंच, पांढरी, पाच जणांची गाडी आली. बाबांच्या कागदावर होती अगदी तशी. सगळे मावतात, सामान मावतं, कोपऱ्यावर दुरुस्त होते. तिने आईला तपासणीला नेलं, ताईच्या मुलांना शाळेत सोडलं. तिच्याबद्दल कुणाची कधी तक्रार नव्हती. तिच्याबद्दलची एखादी आठवण मात्र मला सांगता येणार नाही.

आत्या आता पंचाहत्तरीत आहे. कधी कुणी पाहुणा तिला विचारतो, की एवढा खर्च केलात, त्या गाडीने दिलं काय? ती जराही न थांबता सांगते, "चोवीस हजार किलोमीटर." दुपारी बाबा आणि ती गॅलरीत खुर्च्या टाकून बसतात. परवा मी गेले तेव्हा त्यांचा वाद रंगात आला होता. बाबांचं म्हणणं, त्या दिवशी पुलावर वारा पडलेला होता. आत्याचं म्हणणं, इतका होता की शेंगदाण्यांचा कागद उडून नदीत गेला.

"तो मी टाकला," बाबा म्हणाले.

"उडाला," आत्या म्हणाली.

आईने आतून दोघांनाही चहाला हाक मारली. दोघंही उठले नाहीत.