सुजाताच्या नावाची बाटली

इन्चार्ज मॅडमनी बाटली फ्रिजमधून बाहेर काढली. दोन बोटांत धरली. बाटलीवर चिकटपट्टी होती, तिच्यावर मी पेनाने नाव लिहिलं होतं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं.

"सुजाता. ही सुजाता कोण? आपल्याकडे ह्या नावाची मुलगी नाही."

मी म्हटलं, "माझी आहे."

"आणि हे दूध?"

"माझंच."

त्यांनी झाकण काढलं आणि दूध सिंकमध्ये ओतलं. वर नळ सोडला. सिंक पांढरं होतं, त्यामुळे दूध जाताना दिसलंसुद्धा नाही. तिथे पाळणाघरातल्या मुलांच्या तीन आया उभ्या होत्या, गळ्यात कंपनीची ओळखपत्रं घालून. आणि माझ्यासकट आम्ही चौघी कामवाल्या.

मॅडम मला म्हणाल्या, "फ्रिज सगळा रिकामा करा. जंतुनाशकाने पुसा. बाकीच्या बाटल्या उकळून घ्या. मुलांच्या तब्येतीचा प्रश्न आहे."

मुलांच्या. त्यात माझी नव्हती.

हे हडपसरच्या एका आयटी कंपनीचं पाळणाघर. कंपनीत काम करणाऱ्या बायकांची मुलं दिवसभर तिथे असायची. मी ठेकेदाराकडून लागले होते. चोवीस वर्षांची होते, पण सगळे मला मावशी म्हणायचे. माझ्या आईच्या वयाच्या इन्चार्ज मॅडमसुद्धा मावशीच म्हणायच्या. कामावर घेताना त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग गाव विचारलं. मग "म्हणजे तुम्ही…" म्हणून थांबल्या. मी म्हटलं, "बौद्ध." "छान, छान," म्हणाल्या आणि फॉर्मकडे बघत राहिल्या.

सुजाता तेव्हा अडीच महिन्यांची होती. नवरा ज्या कारखान्यात प्रेसवर काम करायचा, तो बंद पडला होता. मालकाने जागा बिल्डरला विकली. तेव्हापासून नवरा मंडईत हमाली करायचा, मिळेल त्या दिवशी. मी घरी बसून चालणार नव्हतं. कालव्याकाठी आमची एक खोली. तिथे सासूबाई सुजाताला सांभाळायच्या. दुधाच्या पावडरचा डबा आणायचो, पण तो महिनाभर पुरवावा लागायचा. सासूबाई एका चमच्याच्या जागी अर्धा घालायच्या, वर पाणी. "प्वाट भरल्यावानी तरी वाटतं तिला," म्हणायच्या. "रडत न्हाय मग."

अंगणवाडीच्या ताई दर महिन्याला वजन करायच्या. त्यांच्या कार्डावर हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे असतात. बाळाचं वजन म्हणजे त्यावरचा एक ठिपका. सुजाताचा ठिपका आधी हिरव्यात होता. मी कामाला लागले आणि तो पिवळ्यात उतरला. पाचव्या महिन्यात लालच्या कडेला टेकला. ताई म्हणाल्या, अंगावर पाजा. कधी पाजणार? मी सकाळी सातला निघायचे ती संध्याकाळी साडेसातला घरी.

दूध नव्हतं असं नाही. भरपूर होतं. दुपारी छाती दगडासारखी व्हायची. ब्लाउजच्या आत फडकं ठेवायचे, तेही भिजायचं. मग संडासात जाऊन दूध पिळून टाकायचे. बाहेर येऊन हात धुवायचे आणि दुसऱ्यांच्या मुलांना त्यांच्या आयांचं दूध पाजायचे. त्या आयांसाठी वेगळी खोली होती. आरामखुर्ची, पडदा, दूध काढायचं मशीन. काढलेलं दूध नाव लिहून फ्रिजमध्ये. कंपनी पाहुण्यांना ती खोली दाखवायला आणायची. फोटो निघायचे. तेव्हा आम्हाला बाजूला व्हायला सांगायचे.

नेहा मॅडम म्हणून एक आई होती. तिचा मुलगा माझ्याकडे असायचा. एकदा तिने माझा ओला ब्लाउज पाहिला आणि घरी बाळ किती महिन्यांचं आहे ते विचारलं. मी सांगितलं. तिनेच समजावलं की काढून फ्रिजमध्ये ठेवलं तर संध्याकाळपर्यंत चांगलं राहतं. स्वतःकडची एक जास्तीची बाटली दिली. खोली रिकामी असेल तेव्हा बिनधास्त जा म्हणाली.

त्या खोलीत बसायची माझी हिंमत झाली नाही. मी झाडू-बादल्यांच्या खोलीत बसून हाताने काढायचे. बाटली फ्रिजमध्ये सगळ्यात मागे ठेवायचे. संध्याकाळी ओल्या फडक्यात गुंडाळून बसमधून घरी न्यायचे. दहा-बारा दिवस असं चाललं. सुजाता ते दूध डोळे मिटून प्यायची. ताईंनी पुन्हा वजन केलं. ठिपका वर गेला नव्हता. पण खाली जायचा थांबला होता.

आणि मग तो दिवस. उभ्या असलेल्या तीन आयांमध्ये नेहा मॅडम होती. ती मोबाइलमध्ये बघत होती.

मी फडकं उचललं. हे मला सांगितलंच पाहिजे. मी लगेच "नाही" म्हटलं नाही. सांगितलं की करायचं, ही हातांची सवय. पहिला कप्पा पुसला. दुसरा पुसत होते तेवढ्यात आतल्या खोलीत नेहा मॅडमचा मुलगा उठला आणि रडायला लागला. आणि मला पान्हा फुटला. सगळ्यांसमोर कपडे भिजले. माझं दूध आत्ताच गटारात गेलं होतं. माझी मुलगी घरी पांढरं पाणी पीत होती. आणि माझं अंग ह्यांच्या मुलासाठी दूध सोडत होतं. मला माझ्याच अंगाचा संताप आला. मग वाटलं, अंगाची तरी काय चूक? अंगाला रडणारं मूल कळतं. आडनाव कळत नाही.

मी फडकं खाली ठेवलं.

"मॅडम, ह्या हातांनी मी रोज ह्यांच्या मुलांना पाजते. हात चालतात तुम्हाला. फ्रिज मी पुसणार नाही."

त्यांनी आवाज चढवला नाही. "बरं," म्हणाल्या. "मग आपण उद्यापासून घरीच विश्रांती घ्या. बाळालाही बरं."

गेटवर वॉचमनने माझं कामाचं कार्ड काढून घेतलं. पिशवी उलटी करून बघितली. नेहा मॅडम धावत खाली आली. हातात मुलाच्या जुन्या कपड्यांची पिशवी होती. मी विचारलं, "वर का नाही बोललात?"

"माझं अप्रेझल चालू आहे गं, पगारवाढ त्यावरच ठरते," ती म्हणाली. "तू समजू शकतेस."

मी पिशवी घेतली नाही. पुढे थंडीत बऱ्याचदा वाटलं, कपडे तरी घ्यायला हवे होते.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ओरडला नाही. भिंतीकडे बघत म्हणाला, "पुसायचा होतास फ्रिज." एवढंच. त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

आता दिवसभर घरी आहे तर पोटभर पाजू, असं वाटलं होतं. पण घर चालायचं ते बहुतेक माझ्याच पगारावर. तो थांबला. मी एक वेळ जेवायला लागले. महिन्याभरात दूध आटलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आईने नीट खाल्लं पाहिजे. मी मान हलवली.

कामगारांच्या सरकारी कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी कंपनीचं पत्र आणायला सांगितलं. कंपनी म्हणाली, तुम्ही आमच्या नाही, ठेकेदाराच्या. ठेकेदाराच्या यादीत माझं नावच नव्हतं. वर माझ्याबरोबरच्या तिघींनी एका कागदावर सह्या केल्या होत्या, की मी मुलांचं दूध चोरून नेत होते. त्यातली एक मला मंडईत भेटली. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "मलाही दोन लेकरं आहेत."

सुजाता आता पावणेदोन वर्षांची आहे. भिंत धरून उभी राहते. पाऊल टाकत नाही. ठिपका लाल पट्ट्यात आहे. ताई म्हणतात, ह्या वयात जे राहून जातं ते नंतर भरून काढणं अवघड. त्या वाईट हेतूने म्हणत नाहीत.

मी आता एका सोसायटीत जिने पुसते. गेल्या महिन्यात सातव्या मजल्यावरच्या बाईंनी थांबवलं. त्यांचं बाळ सहा महिन्यांचं. त्या आयटीत, नवराही आयटीत. बाळ सांभाळशील का म्हणाल्या, जिन्यांच्या दुप्पट देऊ.

मी म्हटलं, "सांभाळेन. माझी मुलगी बरोबर येईल. तुमचं बाळ ज्या सतरंजीवर बसेल तिथेच ती बसेल. त्याला भरवेन तेव्हा तिलाही भरवेन. जे त्याला, ते तिला."

बाई हसल्या. मी हसत नाही हे बघून थांबल्या. "तसं नाही गं जमणार," म्हणाल्या आणि दार लावलं.

नंतर आणखी दोन घरांतून विचारणा झाली. दोन्हीकडे मी हेच सांगितलं. दोन्ही दारं लागली. सासूबाई कपाळाला हात लावतात. "आगं, येकदा हो तर म्हन, मग बघू," म्हणतात. घरात पीठ नाही हे त्यांच्याइतकंच मलाही दिसतं.

तरी मी हो म्हणणार नाही. दुसऱ्याचं मूल उचलायला मी माझं मूल पुन्हा खाली ठेवणार नाही. चौथं दार उघडेल तेव्हाही हेच बोलेन. तेही बंद होईल, मला माहीत आहे. पाचव्यालाही हेच.